सुनीताच्या ओळीखालचं नाव

माझ्या भावाचं बाहेर काहीतरी आहे, हे मला त्या दुपारी जेवणाच्या डब्यासमोर कळलं, आणि तेही आमच्याच सॉफ्टवेअरमधून.

सच्ची सांगते, घास तोंडातच राहिला. तीन वाजता पुण्याच्या वकीलबाई यायच्या होत्या. त्यांच्यापुढे काही अडायला नको म्हणून मी एका हाताने पोळी मोडत राजतोलची एकेक खिडकी उघडून बघत होते. राजतोल म्हणजे आमचं धान्यमंडीचं सॉफ्टवेअर. ट्रॉली काट्यावर चढली की वजन आपोआप आत येतं, बोली लागते, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. देपालपूरपासून कुठेकुठे व्यापाऱ्यांच्या गाद्यांवर बसून मीच ते लोकांना शिकवलंय, धूळ खात. त्यामुळे त्यातलं सगळं मला पाठ आहे असा माझा मोठा घमंड होता. पण मदतीच्या पानावर अगदी खाली, जिथे कोणी मरायला जात नाही, तिथे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं:

सुनीतासाठी. तुझ्या वडिलांचा माल दर वेळी काट्यावर कमी भरायचा आणि तू घरी येऊन रडायचीस. आता कमी भरणार नाही, सुनी. तुझाच, विक्रम जगदाळे.

विक्रम जगदाळे हा माझा धाकटा भाऊ. कंपनी त्याची, मी त्यात भागीदार संचालक. आणि त्याच्या बायकोचं नाव श्रेया.

मी डबा तसाच उघडा टाकला आणि त्याच्या केबिनमधे घुसले. हा भिया, म्हणजे आमचे बंधुराज, मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून टाय बांधत होता.

"कोण आहे ही सुनीता?"

"कोण सुनीता?"

"खबरदार माझ्याशी नाटक केलंस तर! श्रेया तिकडे सुदामा नगरात आपल्या आईबापाची औषधं सांभाळते, आणि तू इकडे कुणाच्या नावाने प्रेमपत्रं लिहितोस? तीही सगळ्या मालव्याच्या कंप्युटरवर?"

"ताई, तुझं दिमाग ठिकाणावर आहे ना?"

मी लॅपटॉप त्याच्या टेबलावर आपटला. त्याने ओळ वाचली. मला वाटलं होतं, एक तर तो लाजेल नाही तर भडकेल. तो पांढराफटक पडला. टायची गाठ अर्धी तशीच गळ्यात, आणि त्याने ओरडून हाक मारली, "नचिकेत!"

नचिकेत आमचा मुख्य प्रोग्रामर. सांगलीचा पोरगा, शिकून इंदूरला आला तो इथेच राहिला, कामाला वाघ आणि बोलायला गाय. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि मला न विचारता समोरच्या खुर्चीत बसला.

"सर, ही ओळ राहिली," तो म्हणाला.

"राहिली मतलब?" मी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अरे बोला ना कोणीतरी! राहिली म्हणजे काय? बाकीच्या कुठे गेल्या?"

विक्रम खिडकीकडे वळला. स्नेहलतागंजच्या रस्त्यावर रिक्षांचा नेहमीचा कलकलाट चालला होता आणि तो जणू त्यातच काही शोधत होता. शेवटी नचिकेतच बोलला.

"मॅडम, राजतोल आपण लिहिलेलं नाही. म्हणजे वरचं वरचं आपलं आहे, रंग, मेनू, मोबाइलचे मेसेज. आतलं इंजिन अकोल्याच्या एका गृहस्थांचं आहे. यतीन वानखडे म्हणून आहेत, रिटायर्ड शिक्षक. त्यांनी त्याचं नाव ओपनकाटा ठेवलं होतं आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. कोणीही घ्यावं, बदलावं, विकावंसुद्धा. आपण घेतलं. सरांनी सांगितलं, नाव बदल. मी कंप्युटरला एक आदेश दिला, जिथे जिथे ओपनकाटा आहे तिथे राजतोल. आणि जिथे जिथे यतीन वानखडे, तिथे..."

"तिथे विक्रम जगदाळे," मी वाक्य पुरं केलं.

"हो. आदेशाला काय कळतं, मॅडम, कुठली ओळ कोणाची ते. ही त्यांच्या बायकोसाठी लिहिलेली ओळ आहे. त्या वारल्या."

आत्तापर्यंत मी भावाच्या लफड्यावर चिडले होते. लफडं परवडलं असतं हो! निदान ते जिवंत माणसाचं असतं. इथे माझ्या भावाने एका मेलेल्या बाईच्या नवऱ्याचं नाव पुसून तिथे स्वतःचं लावलं होतं आणि त्याला त्या ओळीचा पत्ताही नव्हता.

आणि मी? मी तर त्याचं बारसं केलं होतं! हे आमच्या घरातच होऊ जाणे. राजतोल बाजारात आणायच्या आदल्या रविवारी विक्रम ज्या पाळण्यात वाढला तो माळ्यावरून काढला, झेंडू लावले आणि त्यात लॅपटॉप निजवला. विक्रमचं मूल, मग नाव कोण ठेवणार? आत्या. मी वाकून त्या लॅपटॉपच्या स्पीकरपाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केलं आणि राजतोल म्हटलं. बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. शेजारच्या मालवी मावश्या हसून हसून लोटपोट झाल्या, पेढे खाऊन गेल्या. कुणाच्या तरी पोराचं मी बारसं जेवले होते, आणि पोराचा बाप अकोल्यात बसला होता.

"तू मला सांगितलंस की तू बनवलंस," मी विक्रमला म्हणाले.

"बनवलंच की! तीन वर्षं राबलोय, ताई. त्या माणसाने फुकट ठेवलं होतं. फुकट म्हणजे कुणाचंही."

"हो का? प्याऊवर पाणी फुकट असतं म्हणून माठ उचलून घरी नेतोस का रे? आणि वर त्याला आपलं नाव रंगवतोस?"

"हळू बोल. बाहेर बाबा आहेत."

बाबा होते खरे. वकीलबाईंवर छाप पडावी म्हणून विक्रमने त्यांना बंद गळ्याचा कोट घालून बाहेरच्या सोफ्यावर आणून बसवलं होतं. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, ही गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, पुरावा म्हणून बाबांना दाखवतो. वकीलबाई ज्या पुण्याच्या मोठ्या कंपनीकडून येत होत्या ती आमची कंपनी सगळीच्या सगळी विकत घेणार होती, माणसांसकट. घेतली तर सगळ्यांच्या नोकऱ्या शाबूत, विक्रमची इतक्या वर्षांची वणवण संपणार. नाही घेतली तर या महिन्यानंतर ऑफिसला कुलूप, हे मला माहीत होतं. आणि त्यासाठी आज एकच गोष्ट व्हायची होती. टेबलावर एक घोषणापत्र पडलं होतं. हे सॉफ्टवेअर पूर्णपणे आमचं, आम्हीच लिहिलेलं, त्यावर दुसऱ्या कोणाचा काही हक्क नाही. खाली दोन संचालकांच्या सह्या. विक्रमची झाली होती. माझी वकीलबाईंच्या देखत व्हायची होती.

"मी सही करत नाही," मी म्हणाले.

विक्रमने केबिनचं दार लावलं. "ताई, प्लीज. कोणाला कळणार आहे? सगळीकडून नाव काढलंय."

"मशीन नाव बघत नाही, सर," नचिकेत जमिनीकडे बघत म्हणाला. "मी तेव्हाच सांगितलं होतं. ते लोक कोड तपासायला देणार. तपासणारं मशीन कोडची बांधणी बघतं, ओळींची चाल बघतं. नाव बदललेलं कळतं."

"तोवर व्यवहार झालेला असेल!"

"आणि मग?" मी विचारलं. "मग पोलीस आले की मी काय सांगू, मी फक्त आत्या होते म्हणून?"

विक्रमचे डोळे भरून आले. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. त्याचे डोळे भरले की माझा राग अर्धा होतो, हे त्याला चांगलं ठाऊक आहे, पण त्या वेळी तो नाटक करत नव्हता. घाबरला होता. "तू समजून का घेत नाहीस? आपल्या घरात हे नवीन आहे का? बाबांचंच बघ. दौलतराव होते ना ते? दत्तक आले, नाव प्रतापराव झालं, बाप बदलला, आडनाव बदललं. सगळं बदललं. कुणी म्हटलं चोरी झाली? आपण आपल्या घरात आणलं, आपलं नाव दिलं, वाढवलं. झालं आपलं."

लहानपणापासून आम्ही हेच ऐकत आलो होतो, की दत्तक घेतलं की मागचं सगळं पुसलं. बाबांच्या जन्मदात्या घरचं नाव आमच्या घरात कधी कोणी घेतलं नाही.

दार उघडलं. बाबा उभे होते, काठीवर दोन्ही हात. बाबांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं, असं आई म्हणते. त्या दिवशी त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"माझ्या वडिलांनी मला दिलं होतं," ते म्हणाले. "मी नऊ वर्षांचा होतो. सगळी बिरादरी बसली होती. माझ्या जन्मदात्याने मला मांडीवर घेतलं, हातावर पाणी सोडलं आणि मला उचलून या घरच्यांच्या मांडीवर ठेवलं. स्वतःच्या हातांनी. दिल्याशिवाय दत्तक होत नाही, विक्रम. न दिलेलं उचललं तर त्याला पळवून नेणं म्हणतात."

"त्यानेही दिलंच होतं, बाबा. सगळ्या जगाला दिलं होतं."

"काही न मागता?"

नचिकेतने मान वर केली. "नाव राहू द्या एवढंच मागितलं होतं, काका. आणि तुम्ही ज्याला द्याल त्यालाही आतून उघडं द्या, एवढं. तो अटींचा कागद सोबतच होता. मी तो काढून टाकला."

एवढ्यात खालून बेल वाजली. वकीलबाई वेळेआधी आल्या होत्या.

सुहासिनीबाई माझ्याच वयाच्या, सुती साडी, पायात साध्या चपला, बोलणं पुण्याचं स्वच्छ धुतलेलं. एरवी मी अशा बोलण्याची मनातल्या मनात नक्कल केली असती. त्या दिवशी मी नुसती खुर्ची पुढे केली. चहा आला. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. विक्रमने पटकन होळकरांच्या फौजेची गोष्ट सुरू केली, पण बाबांनी हात वर केला, आणि तो मधेच थांबला.

"मला पाचला विमानतळाकडे निघायचंय," सुहासिनीबाई म्हणाल्या. "घोषणापत्रावर सह्या झाल्या की उरलेलं मी ऑफिसातून पाठवते. इरावतीताई, तुमची सही राहिलीये ना?"

त्यांनी पेन पुढे केलं. मी घेतलं. टेबलाखाली विक्रमने माझं मनगट धरलं. लहानपणी राजवाड्याच्या गर्दीत रस्ता ओलांडताना धरायचा ना, अगदी तसं, बोटं रुतवून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी सही केली असती, देवाशपथ. इतका जीव आहे माझा त्याच्यावर.

"बाई, एक विचारू?" मी म्हणाले. "यात लिहिलंय की हे आम्हीच लिहिलं. पण याचं मी फक्त नाव ठेवलंय. लिहिलंय दुसऱ्याने."

"ताई!" विक्रम उठला तो खुर्ची मागे पडली. मला वाटलं तो मला मारणार. त्याने आयुष्यात माझ्यावर हात उचललेला नाही, पण त्याचा चेहरा तसा झाला होता. "संपवलंस तू मला," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मग मी सांगत गेले. सगळं. ओपनकाटा, अकोला, तो आदेश, पुसलेली नावं. सुनीताची ओळ मी मुद्दाम पडद्यावर उघडून दाखवली. सुहासिनीबाईंनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. नचिकेतला त्यांनी त्या कागदाचं, म्हणजे परवान्याचं, नाव विचारलं, कोणकोणत्या मंडीत काय दिलं ते विचारलं. आवाज एवढासाही चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"नाव बदललंत हा दोष नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "उलट बदलायलाच हवं होतं. त्यांचंच नाव लावून विकलं असतं तर लोकांना ते त्यांचंच वाटलं असतं, त्याचा वेगळा दावा झाला असता. पैसे घेतलेत, तेही चालतं. पण लेखकाचं नाव जिथे आहे तिथे ठेवायचं, आपण काय बदललं ते सांगायचं, आणि ज्याला विकाल त्याला आतला कोडही त्याच अटींवर द्यायचा. तुम्ही या तिन्ही अटी मोडल्यात. अटी मोडल्या तशी परवानगी संपली. आज प्रत्येक काट्यावर जे चालू आहे ते परवानगीशिवाय चालू आहे. ते गृहस्थ कोर्टात गेले तर बंद पाडू शकतात."

"आणि मी सही केली असती तर?"

"तर ते भांडण त्यांचं आणि तुमचं राहिलं नसतं. तुमचं आणि आमचं झालं असतं. फसवणुकीचं."

नचिकेतने दोन्ही हातांनी डोकं धरलं. बाबा काठीकडे बघत होते.

"मग आता?" मी विचारलं.

"आता हे असं मी घेऊ शकत नाही. परवानगी परत द्यायची की नाही, हे फक्त तेच ठरवू शकतात. त्यांनी लेखी दिलं, तुम्ही सगळं जागेवर ठेवलंत, तर मी वर बोलून बघेन. वचन देत नाही. नाही म्हणाले तर नमस्कार." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "त्यांना कसं गाठणार?"

"माझ्याकडे नंबर आहे," नचिकेत म्हणाला. "मला अडलं की मी त्यांना फोन करायचो. काय काम करतो ते सांगितलं नव्हतं. ते तासभर समजावून सांगायचे. जेवलास का विचारायचे."

विक्रम भिंतीपासून हलला आणि त्याने हात पुढे केला. "दे. मी करतो."

"मी करू का?" मी म्हणाले.

"नाही, ताई. नाव माझं लागलंय."

त्याने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. रिंग वाजत राहिली. मी मनात म्हणत होते की उचलू नका, आणि लगेच म्हणत होते की उचला हो, उचला.

"हां, कोण बोलून राहिलं?"

"सर, मी इंदूरहून बोलतोय. विक्रम जगदाळे. तुमचा ओपनकाटा..." त्याने फोन जवळ ओढला. "तुमचा ओपनकाटा मी घेतला. दुसरं नाव ठेवलं आणि विकला. तुमचं नाव सगळीकडून काढून माझं घातलं. मी चूक केली, सर. त्या नचिकेतची नाही, माझी आहे."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग आवाज आला, सावकाश.

"कुठं कुठं चालते तो?"

"देपालपूरकडे, सर. आणखी बऱ्याच मंड्यांमधे."

"वजन बरोबर दाखवते?"

"हो सर. एकदम बरोबर."

"शेतकऱ्याले दिसते ना, काट्यावर उभा असतानाच?"

"दिसतं, सर. मेसेजही जातो."

"हे चांगलं केलं," ते म्हणाले. मग थांबले. "माझ्या बायकोसाठी एक ओळ लिहिली होती शेवटी. सुनीताची. ते हाये का काढली?"

विक्रमने माझ्याकडे पाहिलं. त्याला 'आहे' म्हणून सुटता आलं असतं. आहेच की ओळ! तेवढ्यावर म्हातारा खूश झाला असता आणि कदाचित सगळं देऊनही टाकलं असतं. सुहासिनीबाईसुद्धा मान खाली घालून बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नसत्या.

"आहे, सर," विक्रम म्हणाला. "पण तिच्या खाली नाव माझं आहे."

मला वाटलं फोन कटला. नचिकेतने वाकून बघितलं. चालू होता.

"तिच्यासाठी मी जन्मात तेवढंच लिहिलं, भाऊ," ते शेवटी म्हणाले. आवाज आता वेगळा होता, ओला. "आधी ते नाव काढा. मंग बोलू."

नचिकेत लॅपटॉपकडे सरकला, त्याला एका आदेशाचं काम होतं. विक्रमने त्याला बाजूला केलं. माझ्या खुर्चीत बसून त्याने आपलं नाव एकेक अक्षर मागे जात खोडलं. बोटं चुकत होती. पुन्हा खोडत होता, पुन्हा लिहीत होता. बाबा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"केलं, सर."

"वाचून दाखवा."

विक्रमने वाचलं. मराठीत, सावकाश. "सुनीतासाठी. तुझ्या वडिलांचा माल दर वेळी काट्यावर कमी भरायचा आणि तू घरी येऊन रडायचीस. आता कमी भरणार नाही, सुनी. तुझाच, यतीन वानखडे."

"हां," पलीकडून आलं. नाक ओढल्याचा आवाज आला. "आता सांगा. काय पायजे तुम्हाले?"

सकाळपासून माझ्या भावाला सगळं काही पाहिजे होतं. कंपनी, व्यवहार, सह्या, इज्जत. आता देणारा स्वतः विचारत होता. आणि विक्रम टेबलावर डोकं ठेवून रडत होता, गळ्यात तो अर्धा टाय तसाच, आणि बाबांचा हात त्याच्या पाठीवर होता.